घरी क्राफ्ट बीअर चाखून गुण देताना : पद्धत, नोंदी आणि मतभेद

रसग्राहक (धागाकर्ता)

छोट्या ब्रुअरीत (बीअरच्या कारखान्यात) बनलेली क्राफ्ट बीअर घरी आणून लक्षपूर्वक चाखणारे आणि तिच्याविषयी लिहून ठेवणारे बरेच जण आता दिसतात. मात्र त्यांच्या वह्या किंवा ॲपमधील नोंदी उघडल्या, की बहुतेक ठिकाणी बीअरचे नाव, पुढे पाचपैकी पावणेचार असा आकडा आणि फार तर ‘छान, कडवट, पुन्हा घ्यावी’ एवढेच शब्द आढळतात. काही महिन्यांनी ती नोंद लिहिणाऱ्याच्याही कामाची राहत नाही, कारण कडवटपणा हॉप्सचा (बीअरला कडूपणा आणि गंध देणाऱ्या फुलांचा) होता की खरपूस भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा), तो घोटाबरोबर विरून गेला की जिभेवर रेंगाळला, यांपैकी काहीच त्यात उरलेले नसते. माझे स्पष्ट मत असे आहे, की गुण वर्णनातून निघाले पाहिजेत. आधी आकडा सुचला आणि मग त्याला साजेसे शब्द शोधले, तर त्या शब्दांना साक्षीचे मोल राहत नाही.

सुरुवात करण्यासाठी बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, म्हणजेच बीजेसीपी, या १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या उपक्रमाचे गुणपत्रक हाताशी ठेवावे, असे मी सुचवीन. त्यात एकूण ५० गुण असतात : गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण ठशाला १०. रूपाला अवघे ३ गुण आहेत, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. सुंदर सोनेरी रंग आणि भरघोस फेस पाहून आपण मनातल्या मनात बीअरला उत्तीर्ण करून टाकतो. हे गुणपत्रक त्या मोहाला जागच्या जागी रोखते. ४५ किंवा त्याहून अधिक गुणांची बीअर असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ खूप चांगली, २१ ते २९ चांगली आणि त्याखाली सदोषतेकडे झुकणारी, असे त्याचे साधारण टप्पे आहेत. म्हणजे २८ गुण मिळालेली बीअर वाईट नसते. शाळेतल्या टक्केवारीची सवय असलेल्या आपल्या मनाला हे पचायला वेळ लागतो आणि म्हणून घरगुती नोंदींमध्ये ४० च्या खाली कोणी उतरतच नाही.

क्रमाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. बीअर ग्लासात ओतल्याबरोबर प्रथम गंध घ्यावा, रंग नंतर पाहावा. गंधातील काही घटक, विशेषतः गंधकयुक्त आणि हॉप्समधील हलके घटक, पहिल्या मिनिटाभरातच उडून जातात; रंग मात्र कोठेही जात नाही. ग्लास काठोकाठ न भरता एकतृतीयांश भरावा, म्हणजे वरच्या रिकाम्या जागेत गंध साठतो. आधी ग्लास नाकाजवळून सावकाश न्यावा, मग दोन-तीन छोटे हुंगे घ्यावेत आणि त्यानंतर ग्लास हलकेच फिरवून पुन्हा हुंगावे. मग फेसाचा रंग, त्याचे बुडबुडे बारीक आहेत की मोठे, तो किती वेळ टिकतो, हे पाहावे. घोट घेतल्यावर तो तोंडभर फिरवून गिळावा आणि गिळताच तोंड मिटून नाकावाटे श्वास सोडावा. आपण ज्याला चव म्हणतो त्यातील मोठा भाग खरे तर घशामागून नाकात पोहोचणारा गंध असतो आणि या उच्छ्वासात तो ठळकपणे कळतो. वाइन चाखणारे घोट थुंकून टाकू शकतात. बीअरचे परीक्षक मात्र सहसा थोडी तरी गिळतात, कारण हॉप्सचा कडवटपणा जिभेच्या मागच्या भागात आणि घशाशी उशिरा उमटतो व तो किती रेंगाळतो, हे गिळल्याशिवाय नीट ठरवता येत नाही.

तापमानाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. फ्रिजमधून नुकतीच काढलेली बीअर ३-४ अंश सेल्सिअसला असते आणि इतक्या गारठ्यात गंध उमलतच नाही. फिकट लागरला (थंडाव्यात आंबवलेल्या बीअरला) ४ ते ७ अंश, बहुतेक एलना (उबेत आंबवलेल्या बीअरना) ८ ते १२ अंश आणि बार्लीवाइन किंवा इम्पीरियल स्टाउटसारख्या जड प्रकारांना १२ ते १४ अंश मानवतात. त्यामुळे एकच बीअर थंड असताना आणि वीस मिनिटांनी कोमट होऊ लागल्यावर अशी दोनदा नोंदवावी. चांगली स्टाउट (भाजक्या माल्टची गडद बीअर) या वीस मिनिटांत उलगडत जाते आणि सदोष बीअरचे दोषही याच वेळात उघडे पडतात.

ग्लास स्वच्छ असणे म्हणजे नुसता धुतलेला असणे नव्हे. बीअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले, तर तेथे तेलकटपणा किंवा साबणाचा अंश आहे असे समजावे. तेलकटपणाने फेस बसतो आणि मग त्याबद्दल बिचाऱ्या बीअरचे गुण कापले जातात. बिनवासाच्या साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, ग्लास कापडाने न पुसता उपडा ठेवून वाळवावा.

इतरांची पद्धत कशी आहे, हे वाचण्याची उत्सुकता आहे.

कडूगोड

मांडणी आवडली, तरीही एका मूलभूत मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. बीजेसीपीचे गुणपत्रक स्पर्धेसाठी तयार झालेले आहे आणि स्पर्धेत प्रश्न असतो तो बीअर आपल्या प्रकाराच्या वर्णनाशी कितपत जुळते, हा. घरी बसून चाखणाऱ्यासमोर हा प्रश्न असेलच, असे नाही. ब्रुअरीने ‘पेल एल’ (फिकट एल) असे लिहून प्रत्यक्षात अधिक कडवट, आयपीएकडे (इंडिया पेल एल या हॉप्सप्रधान प्रकाराकडे) झुकणारी बीअर बाटलीत भरली आणि ती मला मनापासून आवडली, तर प्रकार चुकला म्हणून मी तिचे गुण का कापावेत? क्राफ्ट बीअरची चळवळ चौकटी मोडूनच वाढली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात न्यू अल्बियन ही छोटी ब्रुअरी उभी राहिली, १९८० मध्ये सिएरा नेवाडाने कॅस्केड या जातीच्या हॉप्सचा मोसंबीवर्गीय गंध पेल एलमध्ये ठळकपणे आणला, तेव्हा प्रचलित इंग्लिश पेल एलच्या मापाने मोजले असते तर तो गंध अवगुणच ठरला असता. आज त्याच बीअरवरून अमेरिकन पेल एल हा प्रकार ओळखला जातो. म्हणून मी रुचीलाच प्रमाण मानतो आणि पाच तारे माझ्यासाठी पुरेसे आहेत.

रसग्राहक

@कडूगोड, आपला आक्षेप रास्त आहे, पण त्यावरचा उपाय मला वेगळा वाटतो. ‘ही बीअर कशी बनली आहे’ आणि ‘ही मला किती रुचली’ हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे एकाच आकड्यात कोंबल्यामुळे गोंधळ होतो. मी वहीत दोन रकाने ठेवतो. मला धुरकट माल्टची राउखबीअर फारशी रुचत नाही; तरीही जर्मनीतील बांबेर्ग शहराच्या परंपरेतील एखादी राउखबीअर निर्दोष असेल, धूर आणि माल्टचा गोडवा यांचा तोल तिने सांभाळला असेल, तर पहिल्या रकान्यात मी तिला ४० गुण देतो आणि दुसऱ्या रकान्यात दोन तारे. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या वाचकांच्या उपयोगाचे आहेत.

केवळ ताऱ्यांवर विसंबण्यात आणखी एक धोका आहे. अनटॅप्डसारख्या, बीअरला तारे देण्याच्या ॲपवरील सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या याद्या चाळल्या, तर तेथे इम्पीरियल स्टाउट, पिंपात मुरवलेल्या जड बीअर आणि डबल आयपीए यांचीच गर्दी दिसते. पिल्सनर ही फिकट लागर त्या याद्यांत वर क्वचितच पोहोचते. याचा अर्थ पिल्सनर बनवणारे कमी कुशल आहेत, असा मुळीच होत नाही. उलट फिकट माल्ट आणि मोजक्या हॉप्सच्या पिल्सनरमध्ये दोष लपवायला जागाच नसते. पहिल्या दोन घोटांत जो दणका बसतो त्याला तारे मिळतात. संपूर्ण ग्लास संपवताना जी बीअर थकवत नाही, तिचा हा गुण दोन घोटांत कळतच नाही.

नवशिकी_चाखणारी

मी हे नुकतेच सुरू केले आहे, त्यामुळे एक प्राथमिक प्रश्न विचारते. अलीकडे एका छोट्या ब्रुअरीच्या आयपीएमध्ये मला वितळलेल्या लोण्यासारखा वास आला. माझ्याबरोबर चाखणाऱ्यांना तो अजिबात जाणवला नाही. हा दोष मानावा की माझ्या नाकाचा भास समजावा? आणि दोष असेल तर नोंदीत काय लिहावे?

जलतरंग

@नवशिकी_चाखणारी, आपल्या नाकावर विश्वास ठेवा. आपण वर्णन करता तो घटक बहुधा डायअसिटिल असावा. आंबवण्याच्या प्रक्रियेत यीस्टमुळेच तो तयार होतो आणि पुरेसा वेळ व ऊब मिळाली तर यीस्टच तो पुन्हा शोषून घेते. घाईने बीअर थंड करून यीस्ट काढून टाकले, तर तो मागे राहतो. आयपीएमध्ये आणखी एक कारण संभवते. आंबवणे संपत आल्यावर गंधासाठी जे हॉप्स टाकतात, त्यांतील विकरे (एन्झाइम) उरलेल्या शर्करेचे विघटन करतात, यीस्टला नवे खाद्य मिळते, आंबवणे पुन्हा थोडे चालू होते आणि त्यातून डायअसिटिल पुन्हा निर्माण होते. जिवाणूंचा संसर्ग हेही एक कारण असते. तसे असेल तर लोण्याबरोबर अनपेक्षित आंबटपणाही सापडू शकतो, म्हणून तो मुद्दाम शोधावा.

हा घटक ओळखण्याची क्षमता माणसागणिक फार वेगळी असते आणि काहींना तो जवळजवळ कळतच नाही. त्यामुळे एकाला आला आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यावरून भास ठरत नाही. ग्लास तळहातांत धरून थोडा कोमट करावा आणि वरून दुसऱ्या हाताने झाकून मग हुंगावे; डायअसिटिल असेल तर वास गडद होतो आणि घोट जिभेवर किंचित तुळतुळीत लागतो. मात्र तो दोष आहे की नाही, हे प्रकारावर अवलंबून असते. चेक पद्धतीच्या फिकट लागरमध्ये आणि ‘बिटर’ नावाच्या काही इंग्लिश एलमध्ये त्याची अगदी पुसट छटा मान्य आहे. आयपीएमध्ये तो हॉप्सचा गंध झाकोळून टाकतो, म्हणून तेथे दोषच.

नोंदीत प्रथम आपले स्वतःचे शब्द लिहावेत : ‘वितळलेले लोणी, मध्यम तीव्रता, कोमट झाल्यावर वाढला’. रसायनाचे नाव त्यानंतर, आणि खात्री असेल तरच. डेन्मार्कमध्ये जन्मलेले मॉर्टन मैलगार्ड यांनी १९७० च्या दशकात बीअरच्या गंध-चवींचे जे चक्र मांडले, त्याचा उद्देशही हाच होता, की वेगवेगळ्या चाखणाऱ्यांनी एका अनुभवाला एकच शब्द वापरावा. मक्याचे कणीस उकडल्यासारखा वास डायमिथिल सल्फाइडकडे बोट दाखवतो, हिरव्या सफरचंदाचा ॲसिटाल्डिहाइडकडे आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास शिळेपणाकडे.

एक दोष तर घरीच मुद्दाम तयार करून शिकता येतो. हॉप्स भरपूर असलेली एकच लागर दोन पारदर्शक ग्लासांत ओतावी, एक कपाटात अंधारात आणि दुसरा थेट उन्हात ठेवावा. काही मिनिटांतच उन्हातल्या ग्लासाला जळक्या रबरासारखा, गंधकाचा उग्र दर्प येऊ लागतो. प्रकाशामुळे हॉप्समधील कडू घटकांचे विघटन होऊन त्यांचा बीअरमधील गंधकयुक्त घटकांशी संयोग होतो आणि जे नवे संयुग बनते, ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळते. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते, हिरवी फारच थोडा अडवते आणि कॅनमध्ये तो शिरतच नाही. दोन्ही ग्लास एकामागोमाग हुंगले, की हा दोष पुन्हा कधीही अनोळखी राहत नाही.

शोधयात्री

या चर्चेत अजून न आलेली एक गोष्ट म्हणजे लेबल. ब्रुअरीचे नाव, डब्यावरचे चित्र, ‘मर्यादित उत्पादन’ हे शब्द, आपण चाखण्यापूर्वीच गुण ठरवून टाकतात. ज्यांना आपले गुण खरोखर तपासायचे आहेत, त्यांनी त्रिकोणी चाचणी करून पाहावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत १९४० च्या दशकात ही पद्धत विकसित झाली. तीन ग्लास भरायचे. दोनांत एक बीअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता, एवढेच चाखणाऱ्याने सांगायचे. ओतणारी व्यक्ती वेगळी असावी, ग्लास अपारदर्शक असावेत म्हणजे रंगावरून ओळखता येणार नाही, आणि ग्लासांना १, २, ३ असे क्रमांक न देता ४१७, ८६२ असे तीन अंकी आकडे द्यावेत, कारण ‘१’ पाहताच मन त्याला पहिला मानू लागते. कधी एक बीअर दोनदा, कधी दुसरी, असे धरून दोन बीअर सहा निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतात. सहा फेऱ्यांत ते सगळे क्रम एकदा येऊ द्यावेत.

निव्वळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता प्रत्येक फेरीत एकतृतीयांश असते. सहापैकी चार बरोबर आले म्हणून खूश होण्यात अर्थ नाही, कारण तेवढे तर नशिबानेही दहा टक्के वेळा जमते. पाच किंवा सहा बरोबर आले तर मात्र ते नशिबाने घडण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी असते आणि फरक खरोखर कळतो आहे, असे मानता येते. थोड्याशा नमुन्यांवरून किती ठामपणे बोलावे, हा प्रश्न बीअरच्या जगाला जुनाच आहे. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणारे विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याचे जे उत्तर (आजची टी-चाचणी) प्रसिद्ध केले, ते आज संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते.

जी दोन बीअर तुम्हाला झाकून ओळखता येत नाहीत, त्यांना वहीत ३.५ आणि ४.२५ असे वेगळे गुण असतील, तर त्यांतील फरक लेबलाने दिलेला आहे.

कडूगोड

@शोधयात्री, हा मुद्दा मला पूर्णपणे पटला आणि त्यामुळे माझी भूमिकाही थोडी बदलते. रुचीला प्रमाण मानायचे असेल, तर ती रुची लेबलापासून मोकळी असल्याची खात्री करणे माझ्यावरही बंधनकारक ठरते. मात्र झाकून चाखण्याचीही एक मर्यादा सांगतो. प्रकार माहीत नसेल तर काही बीअरवर अन्याय होतो. ओर्व्हालसारखी बेल्जियन बीअर घ्या. तिच्यात बाटलीत भरताना ब्रेटॅनोमायसिस हे यीस्ट घातलेले असते, त्यामुळे ताजेपणी हॉप्सचा गंध आणि काही महिन्यांनी चामड्याची, गवताळ, रानटी छटा, असा तिचा प्रवास होतो. हे ठाऊक नसलेला माणूस जुन्या बाटलीला संसर्ग झाला आहे असे समजून तिला नापास करील. म्हणून ब्रुअरीचे नाव झाकावे, पण प्रकार आणि भरल्याची तारीख उघडी ठेवावी, असा मध्यममार्ग मला योग्य वाटतो.

तारखेविषयी तर आग्रहच धरायला हवा. हॉप्सप्रधान आयपीए आठवड्यांच्या हिशेबाने उतरत जाते आणि उबेत ठेवली तर आणखी वेगाने. धूसर आयपीए हवा लागल्यास मळकट तपकिरी होते. याउलट बार्लीवाइन वर्षानुवर्षे मुरते. पाच महिने जुन्या आयपीएला कमी गुण देऊन तिच्याच नावापुढे कायमचा शेरा मारणे अन्यायाचे आहे. तो शेरा साठवणुकीचा असतो.

रसग्राहक

@कडूगोड, तारखेचा रकाना मी मूळ मांडणीत जोडून घेतो. तो नसणे ही मोठीच उणीव होती. नमुना म्हणून एका गव्हाच्या बीअरची, हेफेवाइझेनची, अलीकडची नोंद येथे देतो, म्हणजे वर्णनातून आकडा कसा निघतो, हे दिसेल.

‘भरून दोन महिने, तपकिरी बाटली, ८ अंश. तळाचे यीस्ट हलवून ओतली. गंध : पिकलेले केळे मध्यम ते तीव्र, मागे लवंग पुसट, पावाच्या कणकेचा वास, हॉप्स जवळजवळ नाही. १२ पैकी ९, लवंग अधिक हवी होती. रूप : गढूळ फिकट सोनेरी, पांढराशुभ्र फेस शेवटपर्यंत टिकला, ३. चव : केळे आणि गव्हाचा मऊ गोडवा, कडवटपणा अल्प, शेवट किंचित गोडसर राहतो आणि दुसऱ्या घोटानंतर जड वाटू लागतो, २० पैकी १४. स्पर्श : वायू भरपूर, मलईदार, ५. एकूण : ७. बेरीज ३८. रुची : चार तारे.’

या प्रकारातील केळ्याचा गंध आयसोअमाइल ॲसिटेट या घटकामुळे आणि लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायाकॉलमुळे येतो. दोन्ही यीस्टचीच देणगी, केळे किंवा लवंग त्यात घातलेली नसते. दोहोंतला तोल कोठे ढळला, हे लिहिल्यामुळेच ९ या आकड्याला आधार मिळतो. चौघे मिळून चाखत असाल, तर सर्वांचे लिहून होईपर्यंत कोणीही बोलू नये, एवढा एक नियम जरूर पाळावा. ‘आंब्याचा वास येतोय’ असे एकाने मोठ्याने म्हटले, की तो सगळ्यांनाच येऊ लागतो.

नवशिकी_चाखणारी

सर्वांचे आभार. त्रिकोणी चाचणी करायची ठरवली आहे, पण सहा फेऱ्या म्हणजे फार बीअर होईल, अशी शंका येते. शिवाय शेवटच्या फेरीपर्यंत जीभ थकणार नाही का?

शोधयात्री

प्रत्येक ग्लासात ३० मिलिलिटर पुरेसे होतात. एका फेरीत ९०, सहा फेऱ्यांत ५४० मिलिलिटर. आणि सहाही क्रम वापरले की प्रत्येक बीअरचे नेमके २७० मिलिलिटर लागतात, म्हणजे दोहोंची ३३० मिलिलिटरची एकेक बाटली पुरते. दोघांनी चाखायचे असेल तर बाटल्या दुप्पट घ्याव्यात, आणि त्या एकाच तारखेला भरलेल्या असाव्यात.

जीभ थकते, हे खरे आहे. कडवटपणा साचत जातो, म्हणून तीव्र आयपीएच्या जोडीसाठी फेऱ्यांमध्ये निदान पाच मिनिटे थांबावे, साधे पाणी प्यावे आणि बिनमिठाच्या पावाचा तुकडा चघळावा. तरीही चौथ्या फेरीनंतर सगळे सारखेच लागू लागले, तर तेथेच थांबून उरलेल्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी नव्या बाटल्या उघडून कराव्यात. उघडून ठेवलेली बाटली वापरू नये. तिच्यातील वायू कमी झालेला असतो आणि मग चाखणारा दोन बीअरमधला फरक न ओळखता ताजी बाटली कोणती आणि उघडी राहिलेली कोणती, एवढेच ओळखतो.